मरुभूमी, माळढोक आणि हौशी छायाचित्रकार

राजस्थानच्या पश्चिम सीमेवर, जैसलमेर व बाडमेर या दोन जिल्ह्यांत ३,१६२ चौरस किलोमीटर क्षेत्रावर मरुभूमी राष्ट्रीय उद्यान पसरलेले आहे. १९८० मध्ये या क्षेत्राला संरक्षण मिळाले. नावात ‘राष्ट्रीय उद्यान’ असले तरी कायद्याच्या दृष्टीने त्याचा दर्जा अभयारण्याचा आहे. कारण या क्षेत्रात पिढ्यान्‌पिढ्या वस्ती करून राहिलेली गावे व ढाण्या आहेत, लोकांची शेते आहेत आणि मेंढ्या, शेळ्या व उंट यांची चराई आहे. दर हिवाळ्यात येथे देशाच्या सर्व भागांतून हौशी छायाचित्रकार येतात. त्यांत मुंबई, पुणे, नागपूर, सोलापूर येथील मंडळींची संख्या लहान नसते. कोणी वाळूच्या टेकड्यांवरील सूर्योदय टिपण्यासाठी येतो, कोणी चिंकारा व वाळवंटी खोकड यांच्या शोधात असतो. परंतु बहुतेकांच्या मनात एकच पक्षी असतो. राजस्थानात त्याला ‘गोडावण’ म्हणतात. महाराष्ट्रात तोच ‘माळढोक’ होय.

माळढोकाचे नाव महाराष्ट्राला नवे नाही. १९७९ मध्ये सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांतील माळरानांवर त्याच्यासाठी अभयारण्य घोषित झाले आणि उत्तर सोलापूर तालुक्यातील नान्नज हे लहानसे गाव पक्षिप्रेमींच्या नकाशावर आले. आज नान्नजच्या माळावर माळढोक दिसणे ही अपवादाची बाब झाली आहे. राज्यातील छायाचित्रकाराला पूर्वी एस. टी. ने जाऊन जो पक्षी पाहता येत असे, त्यासाठी आता एक हजार किलोमीटरहून अधिक प्रवास करून थरच्या वाळवंटात जावे लागते. तेथेही त्याची संख्या इतकी थोडी उरली आहे की, छायाचित्रकाराच्या एका चुकीची किंमत संपूर्ण जातीला मोजावी लागू शकते. वाळवंटातील छायाचित्रण हा केवळ छंदाचा विषय राहत नाही तो यामुळेच.

वाळू थोडी, माळ फार

वाळवंट म्हटले की नजरेसमोर वाळूच्या टेकड्यांची अखंड रांग उभी राहते. मरुभूमी उद्यानात प्रत्यक्षात अशा टेकड्यांनी व्यापलेला भाग मर्यादित आहे. उरलेल्या क्षेत्रात खडकाळ पठारे, बारीक गोट्यांची सपाट मैदाने, खारवट सखल जागा आणि विरळ गवताचे विस्तीर्ण माळ आहेत. ‘सेवण’ हे या माळांवरील मुख्य गवत. त्याची मुळे खोल जातात, एकदा रुजले की ते अनेक वर्षे टिकते आणि अल्प पावसावरही पुन्हा फुटते. वर्षाकाठी पावसाचे प्रमाण बहुतेक ठिकाणी २०० मिलिमीटरच्या आत असते. उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते, तर जानेवारीच्या पहाटे हात गारठून कॅमेऱ्याची बटणे दाबणे कठीण होते.

झाडे थोडी आहेत, पण प्रत्येक झाडाला मान आहे. खेजडी हे तेथील मुख्य झाड म्हणजे आपल्याकडे दसऱ्याला जिची पूजा होते ती शमी. जोधपूरजवळील खेजडली गावी १७३० मध्ये ही झाडे वाचविण्यासाठी अमृतादेवी व बिश्नोई समाजातील अन्य स्त्रीपुरुष मिळून ३६३ जणांनी प्राण दिले, ही घटना राजस्थानात आजही आदराने सांगितली जाते. गावोगावी देवतेच्या नावाने राखलेली कुरणे व झाडोरा आहे. त्याला ‘ओरण’ म्हणतात. महाराष्ट्रातील देवरायांशी त्याचे नाते सहज लक्षात येईल. फरक असा की, देवराई दाट असते आणि ओरण उघडे, गवताळ असते, त्यामुळे परक्या माणसाला ती पडीक जमीन वाटते.

जैसलमेरपासून बाडमेरच्या रस्त्यावर सुमारे १७ किलोमीटरवर आकल येथे झाडांचे अश्मीभूत बुंधे आहेत. ते सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या जुरासिक कालखंडातील असल्याचे मानले जाते. आज जेथे पाण्याच्या थेंबासाठी मैलोगणती जावे लागते, तेथे एके काळी उंच वृक्षांचे वन होते, याचा हा पुरावा आहे. छायाचित्रकार येथे क्वचितच थांबतात. भूदृश्य टिपणाऱ्याने मात्र अर्धा दिवस तरी येथे घालवावा.

प्रकाशाचे गणित

वाळवंटात प्रकाशाची कमतरता कधीच नसते. अडचण येते ती त्याच्या अतिरेकाची. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे, असे गृहीत धरून काम करतो. उजळ वाळू पाहून तो प्रकाश कमी करतो आणि सोनेरी वाळू छायाचित्रात मळकट, राखाडी उतरते. म्हणून वाळू चौकटीत अधिक असेल तेव्हा मापकाने सुचविल्यापेक्षा साधारण एक स्टॉप अधिक एक्स्पोजर द्यावे लागते. उलट, काळसर खडकापुढे उभ्या असलेल्या फिकट रंगाच्या चिंकाऱ्याचे चित्र घेताना एक्स्पोजर कमी करावे लागते. डिजिटल कॅमेऱ्यात चित्र लगेच पाहून दुरुस्ती करता येते, ही मोठी सोय झाली आहे. छत्तीस चित्रांच्या रोलच्या काळात ही चूक घरी परतल्यावरच उमगत असे.

टेकड्यांचे सौंदर्य सावलीत असते. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूचा उतार सौम्य असतो व आडोशाच्या बाजूचा उतार तीव्र असतो. कोरडी वाळू सुमारे ३३ अंशांपेक्षा अधिक कलत राहू शकत नाही, ती घसरते. त्यामुळे टेकडीच्या माथ्यावर जी सुरेख धार दिसते ती वारा व गुरुत्वाकर्षण या दोहोंनी मिळून घडविलेली असते. सूर्य क्षितिजाजवळ असताना प्रकाश तिरपा येतो, धारेच्या एका बाजूला उजेड व दुसऱ्या बाजूला गडद सावली पडते आणि वाळूवरील लहान लाटा उठून दिसतात. सूर्य वर चढला की सारे सपाट होते. जैसलमेर देशाच्या पश्चिम टोकास असल्याने तेथे जानेवारीत सूर्योदय साडेसातच्या सुमारास होतो. महाराष्ट्रातून गेलेल्याने हे ध्यानात ठेवले नाही तर तो अंधारात तासभर कुडकुडत बसतो.

सम व खुडी येथील टेकड्यांवर पर्यटकांची मोठी वर्दळ असते. आदल्या संध्याकाळच्या उंटांच्या व जीपगाड्यांच्या खुणा रात्री वारा सुटला तरच बुजतात. अस्पर्शित वाळू हवी असेल तर पहाटे पोचावे, आणि चित्र घेऊन झाल्याशिवाय टेकडीवर पाऊल ठेवू नये. हा साधा नियम अनेक जण विसरतात. उंच जागा गाठण्याच्या घाईत ते ज्या दृश्यासाठी आले तेच तुडवितात. वाळूवरील पाऊलखुणांची हानी वारा भरून काढतो. गवताळ माळाचे तसे नाही. तेथे गाडी वाट सोडून गेली की चाकाखाली सेवणचे ठोंब मोडतात, मातीचा वरचा पातळ थर फुटतो आणि सांडा या जाड शेपटीच्या सरड्याची बिळे बुजतात. सांडा हे ससाणे, गरुड यांचे महत्त्वाचे भक्ष्य आहे. म्हणजे ज्या शिकारी पक्ष्याचे चित्र हवे म्हणून गाडी माळावर घातली, त्याचेच अन्न त्या गाडीने चिरडलेले असते.

आणखी एक गोष्ट वन्यप्राण्यांच्या छायाचित्रणाशी थेट निगडित आहे. सकाळी नऊ-दहानंतर तापलेल्या जमिनीलगतची हवा गरम होऊन वर उठू लागते. वेगवेगळ्या तापमानाच्या हवेतून येताना प्रकाशकिरण वाकतात, दूरची वस्तू थरथरताना दिसते. मृगजळ निर्माण होते तेही याच कारणाने. या थरथरीतून लांब पल्ल्याच्या लेन्सने घेतलेले चित्र कधीही स्पष्ट येत नाही. लेन्स कितीही महागडी असो, तिचा उपयोग होत नाही. छायाचित्रकाराला मात्र वाटते की आपण फार दूर आहोत, आणि तो पुढे सरकू लागतो. वाळवंटी उद्यानातील बरीचशी हानी येथून सुरू होते. भर दुपारी, म्हणजे उघड्या जमिनीवरच्या अंड्याला सावलीची सर्वाधिक गरज असते त्या वेळी, माणूस घरट्याच्या दिशेने चालू लागतो.

एका हंगामात एकच अंडे

माळढोक हा उडणाऱ्या पक्ष्यांतील अत्यंत वजनदार पक्ष्यांपैकी एक आहे. नर सुमारे एक मीटर उंच असतो व त्याचे वजन १५ किलोपर्यंत जाऊ शकते. मादी बरीच लहान असते. विणीच्या काळात नर उघड्यावर उभा राहून गळ्याची पिशवी फुगवितो, शेपटी पाठीवर घेतो आणि दूरवर ऐकू जाणारा घुमणारा आवाज काढतो. छायाचित्रकाराला सर्वाधिक मोह पडतो तो या नृत्याचा. मादी घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवरील किंचित खळग्यात ती सामान्यतः एकच अंडे घालते व सुमारे चार आठवडे एकटीच ते उबविते. नर या कामी कोणतीही मदत करीत नाही. अंड्याचा रंग मातीशी इतका मिसळतो की चार हातांवरूनही ते दिसत नाही.

अशा मादीला उठविणे म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. ती उठली की अंड्यावर थेट ऊन पडते. कावळे, घोरपडी, खोकडे आणि गावाकडची भटकी कुत्री यांना संधी मिळते. मादी लंगडत चालण्याचे सोंग करून शत्रूला दूर नेण्याचा प्रयत्न करते. तिचा हा धडपडाट पाहून अजाण माणसाला छान चित्र मिळाल्याचा आनंद होतो. अंडे गेले तर बहुधा त्या मादीचा तो हंगाम वाया जातो. चिमणी वा बुलबुल यांच्या बाबतीत निसर्ग ही तूट लवकर भरून काढतो. माळढोकाची वाढ अत्यंत मंद आहे, त्यामुळे येथे एकेका अंड्याचा हिशेब ठेवावा लागतो.

हा हिशेब किती तुटीचा आहे ते आकड्यांवरून दिसते. १९६९ च्या सुमारास देशात सुमारे १,२६० माळढोक असावेत असा अंदाज होता. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या पाहणीत थर प्रदेशातील संख्या सुमारे १२८ इतकी अंदाजण्यात आली, आणि देशातील बहुतेक सर्व माळढोक आता याच प्रदेशात आहेत. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने या जातीची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गात केली. २०१९ पासून केंद्र शासन, राजस्थानचा वनविभाग व भारतीय वन्यजीव संस्था यांच्या सहकार्याने सम येथे, आणि पुढे रामदेवरा येथेही, माळरानावरून आणलेल्या अंड्यांपासून पिले वाढविण्याचे काम सुरू झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिलू जन्माला आले. केंद्रात वाढलेली पिढी उद्या माळावर सोडायची तर तो माळ शांत व मोकळा राहिला पाहिजे, हे उघड आहे.

पूर्वीच्या पिढीतील छायाचित्रकार घरट्यावरच चित्रे घेत असत, हे येथे सांगितले पाहिजे. डॉ. सालिम अली यांच्यासमवेत १९४० च्या दशकात कच्छमध्ये पक्ष्यांची छायाचित्रे घेणारे लोके वान थो यांच्यासारखे कुशल छायाचित्रकार कापडी आडोशात तासन्‌तास बसून राहत. तेव्हाच्या लेन्स लहान पल्ल्याच्या होत्या, छायाचित्रकार हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे होते आणि पक्षी पुष्कळ होते. आता हे तिन्ही उलट झाले आहे. अनेक निसर्गविषयक नियतकालिके व स्पर्धा आज घरट्यावरील छायाचित्रे स्वीकारत नाहीत, आणि तसे करण्यात जुन्या छायाचित्रकारांचा कोणताही अवमान नाही.

अंतर कसे ओळखावे

किती मीटरवर थांबावे, असा प्रश्न नवशिका नेहमी विचारतो. मीटरांत त्याचे ठोक उत्तर देता येत नाही. ते प्राण्याच्या हालचालीवरून कळते. चरणारा माळढोक मान उंच करून स्थिर उभा राहिला, की अंतर ओलांडले गेले आहे असे समजावे. तो ठाम पावले टाकीत दूर जाऊ लागला तर गाडी तेथेच थांबवून इंजिन बंद करावे. त्याला उडावे लागले तर छायाचित्रकार पूर्णपणे चुकला. चिंकारा शेपटी वेगाने हलवू लागतो व पुढचा पाय आपटतो. बिळाच्या तोंडाशी बसलेले खोकड आत शिरून पुन्हा बाहेर येत नसेल तर त्याची पिले उपाशी थांबलेली असू शकतात.

थांबलेल्या गाडीला वन्यप्राणी बऱ्याच अंशी सरावतात. गाडीतून उतरलेल्या माणसाला सरावत नाहीत. म्हणून वाळवंटी उद्यानात गाडी हाच उत्तम आडोसा होय. खिडकीवर कापडी पिशवीत भरलेले धान्य किंवा वाळू ठेवून त्यावर लेन्स टेकविली की तिपाईचीही गरज राहत नाही. लेन्स बदलण्याचे काम गाडीच्या काचा बंद करून करावे, कारण बारीक वाळू कॅमेऱ्यात शिरली की ती काढणे हे घरगुती काम नव्हे.

खोकडाला बिस्किटे टाकून जवळ बोलाविणे, ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला बाहेर काढणे, ड्रोन उडविणे हे प्रकार अलीकडे वाढले आहेत. बिस्किटाला सरावलेले खोकड गाडीमागे धावते, रस्त्यावर येते व चाकाखाली सापडते. बिस्किटे टाकणारा तोवर घरी परतलेला असतो.

कायदा काय सांगतो

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या बंदुकीपुरती मर्यादित नाही. पक्ष्यांची अंडी खराब करणे, तसेच त्यांची अंडी वा घरटी विस्कळित करणे याचाही त्या व्याख्येत समावेश आहे. माळढोक हा अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वोच्च संरक्षणाच्या वर्गात आहे. म्हणून घरट्याशी केलेली ढवळाढवळ ही शिष्टाचाराची चूक म्हणून सोडून देता येत नाही. तो अपराध ठरू शकतो. अनेक हौशी मंडळींना हे ठाऊक नसते, आणि कित्येकदा त्यांना नेणाऱ्या वाटाड्यांनाही नसते.

अधिनियमाच्या कलम २८ अन्वये मुख्य वन्यजीव रक्षक अभयारण्यात प्रवेशाची परवानगी ज्या कारणांसाठी देऊ शकतात, त्यांत छायाचित्रणाचा स्पष्ट उल्लेख आहे. २०२२ च्या सुधारणेने त्यास चित्रपटनिर्मितीची जोड देऊन एक अट घातली, ती अशी की अधिवासात कोणताही बदल करता कामा नये व अधिवासावर किंवा वन्यजीवांवर प्रतिकूल परिणाम होता कामा नये. चांगल्या चौकटीसाठी एखादे झुडूप मोडणे वा फांदी बाजूला बांधणे हेही या अटीच्या विरुद्ध जाते. जैसलमेर हा सीमावर्ती जिल्हा असल्याने काही भागांत जाण्यासाठी प्रशासनाची वेगळी परवानगी लागते आणि लष्करी ठाण्यांची चित्रे घेण्यास मनाई असते. प्रवासाच्या आधीच जिल्हा प्रशासन व वनविभाग यांच्याकडे चौकशी केलेली बरी.

चौकटीबाहेर ठेवलेल्या तारा

भूदृश्य टिपणाऱ्या हौशी छायाचित्रकाराची एक सवय असते. तो चौकटीतून विजेचे खांब व तारा कटाक्षाने वगळतो. त्यामुळे प्रदर्शनांतील थर वाळवंट जसे दिसते तसे ते आता उरलेले नाही. जैसलमेर परिसरात पवनचक्क्या व सौरऊर्जा प्रकल्प मोठ्या प्रमाणावर उभे राहिले असून त्यांची वीज वाहून नेणाऱ्या उच्चदाबाच्या तारा माळांवरून गेल्या आहेत. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्याने त्याला थेट समोरचे कमी दिसते. शरीर जड असल्याने ऐन वेळी वळताही येत नाही. तारांवर आदळून होणारे मृत्यू हे या जातीपुढील आजचे मोठे संकट आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये माळढोकाच्या अधिवासातील तारा शक्य तेथे भूमिगत करण्याचा व अन्यत्र त्यांवर पक्ष्यांना दिसतील अशी साधने बसविण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये त्या आदेशात बदल करून तज्ज्ञांची समिती नेमण्यात आली. अपारंपरिक ऊर्जा ही देशाची गरज आहे व माळढोकही वाचला पाहिजे, असा हा अवघड प्रश्न आहे.

या प्रश्नात छायाचित्रांनी काम केले आहे. जैसलमेर जिल्ह्यातील देगराय ओरणाच्या परिसरात ग्रामस्थांनी व निसर्गप्रेमींनी तारांखाली मरून पडलेल्या पक्ष्यांची छायाचित्रे घेऊन त्यांच्या नोंदी ठेवल्या. ती चित्रे प्रदर्शनात बक्षिसे मिळविणारी नव्हती. परंतु कोणत्या जातीचा पक्षी, कोणत्या दिवशी, कोणत्या खांबांच्या दरम्यान मेला, हे त्यांवरून सिद्ध करता येत होते. सूर्यास्ताच्या शंभर चित्रांपेक्षा असे एक चित्र अधिक मोलाचे मानावे लागेल. तारा व खांब चौकटीत घेऊन काढलेली माळरानाची चित्रेही पुढील काळात अभ्यासकांना हवी असतील.

नोंदीविना चित्र अपुरे

चांगल्या छायाचित्राने एखादा संशय क्षणात दूर होतो. थरमध्ये दोन प्रकारची खोकडे दिसतात. वाळवंटी खोकडाच्या शेपटीचे टोक पांढरे असते, तर आपल्याकडेही आढळणाऱ्या भारतीय खोकडाचे टोक काळे असते. पळत्या प्राण्याची शेपटी डोळ्यांना नीट दिसली नाही तरी कॅमेऱ्याला दिसते. परंतु त्या चित्रासोबत दिनांक, वेळ व ठिकाण यांची नोंद नसेल तर ते अभ्यासाच्या उपयोगी पडत नाही.

ठिकाणाच्या नोंदीबाबत मात्र विवेक हवा. आधुनिक कॅमेरे व भ्रमणध्वनी हे चित्र घेतलेल्या जागेचे अक्षांश-रेखांश चित्रातच साठवितात. घरट्याचे वा बिळाचे असे चित्र जसेच्या तसे प्रसृत केले की दुसऱ्या दिवशी तेथे गाड्यांची रांग लागते. म्हणून नोंद दोन प्रकारची ठेवावी. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यास वा अभ्यासकास देण्याची नोंद नेमकी असावी. सार्वजनिक नोंदीत जिल्हा वा तालुका एवढेच पुरे. पक्षिनोंदींच्या ज्या मोठ्या व्यवस्था आज चालतात, त्याही संवेदनशील जातींच्या नेमक्या जागा लोकांपासून लपवून ठेवतात.

फलोदीजवळच्या खीचन गावाचा अनुभव याच्या अगदी उलट आहे आणि तोही विचारात घेण्यासारखा आहे. तेथे हिवाळ्यात हजारो ‘कुरजां’ म्हणजे कांड्या करकोचे उतरतात. ग्रामस्थ त्यांना पिढ्यान्‌पिढ्या दाणे घालत आले आहेत. पक्षी माणसाला सरावलेले आहेत, छायाचित्रकारांनी यावे असे गावालाही वाटते आणि जागा लपविण्याचे कारण नाही. २०२५ मध्ये खीचनच्या पाणथळ क्षेत्राचा रामसर यादीत समावेश झाला. ज्याला वाळवंटातील पक्ष्यांची जवळून चित्रे हवी आहेत, त्याने माळढोकाच्या मागे न लागता खीचनला जावे हे उत्तम.

नान्नजकडून घेण्याचा बोध

महाराष्ट्रातील माळढोक छायाचित्रकारांमुळे गेला नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. अभयारण्याचे मूळ क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर इतके प्रचंड होते. त्यात शहरे, कारखाने, शेते असे सारेच आले होते. एवढ्या क्षेत्रावर निर्बंध पाळणे शक्य झाले नाही आणि लोकांची नाराजी मात्र ओढवली. पुढे ते घटवून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आले. दरम्यान ज्वारी-करडईच्या जागी ऊस व द्राक्षे आली, मोकळे माळ तुकड्यांत विभागले गेले, काही ठिकाणी ‘पडीक’ म्हणून माळांवर झाडे लावण्यात आली. झाडे लावणे सदैव हिताचेच, या समजुतीने गवताळ प्रदेशाचे जेवढे नुकसान केले तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाने केले असेल.

आपल्या माळांवर आजही काळवीट, चिंकारा, लांडगा, खोकड, धाविक व पखुर्डी आहेत. पुणे वनविभागाने २०२४ मध्ये इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी व बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे गवताळ प्रदेशाची सफर सुरू केली असून तिच्यात स्थानिक गावकऱ्यांना वाटाडे म्हणून काम मिळाले आहे. छायाचित्रकाराकडून येणारा पैसा गावात राहिला तर गाव माळ राखते. थरमधील गावांनाही हेच लागू आहे. तेथे उद्यानाचे निर्बंध सोसणारे लोक आणि पर्यटनाचा लाभ घेणारे लोक हे पुष्कळदा वेगवेगळे असतात.

ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत गायरान किंवा माळ आहे, तिला एक बिनखर्ची काम करता येईल. माळाच्या कडेला, प्राण्यांच्या वावरापासून दूर, एक दगड पक्का रोवावा. शाळेतील शिक्षकांनी विद्यार्थ्यांना घेऊन वर्षातून दोनदा, एकदा वैशाखात व एकदा भाद्रपदात, त्याच दगडावर कॅमेरा वा भ्रमणध्वनी ठेवून त्याच दिशेचे एक चित्र घ्यावे. मागे दिनांक, त्या वर्षीचा पाऊस आणि माळावर चरणाऱ्या जनावरांचा अंदाज लिहून ते शाळेच्या दप्तरी ठेवावे. गवत कोणत्या वर्षी दाट आले, बाभूळ कोठून पसरू लागली, चर कधी खोदले गेले, पहिला खांब कधी उभा राहिला, हे दहा वर्षांच्या वीस चित्रांत सहज दिसेल. गायरानाच्या वापराचा ठराव ग्रामसभेपुढे येईल तेव्हा ही वीस चित्रे सभेच्या टेबलावर मांडता येतील.